लाल दोऱ्याच्या रांगा

त्या फॉर्मवर 'विषय' नावाचा एक रकाना होता आणि त्यात एकच विषय मावेल एवढीच जागा होती. प्राध्यापकपदाच्या बढतीचा फॉर्म तो. मी तीन दिवस रोज तो उघडत होते, त्या रकान्यापर्यंत येत होते आणि उठत होते. चहा टाकायचा, तो उकळेपर्यंत गच्चीवर चक्कर मारायची, चहा उतू गेला की स्वतःवरच चिडायचं, गॅस पुसायचा आणि पुन्हा येऊन बसायचं. माय पलीकडे मेथी निवडत हे सगळं पाहत होती. शेवटी म्हणाली, "बूड टेकव ना वं एका जागी. पायाले भिंगरी लावून आली का जलमाले?"

लावूनच आले असेन. मी दिग्रसच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझं शिक्षण झालं पदार्थांच्या रसायनात, म्हणजे धातूंपासून अतिशय बारीक भुकट्या करायच्या आणि त्या कशा वागतात ते पाहायचं. एकेक कण एवढा बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातूनसुद्धा दिसत नाही. पीएच.डी.ची सगळी वर्षं मी लग्नाच्या आचाऱ्यासारखी भट्टीसमोर उभी होते. ही भुकटी जरा जास्त भाजली, ती कच्ची राहिली, ही पिवळी झाली, ती फेकून दे. नोकरी लागल्यावर इथे आले तर प्रयोगशाळेत धड तराजू नाही. बाप्पा! आता करायचं काय?

मग तरोटा सापडला. पावसाळ्यात आमच्याकडे रस्त्याच्या कडेला, पडीक जागेवर, कुठेही माजतो तो. कोवळा असला की लोक त्याची भाजी करतात. मी त्याची पानं उकळायची, त्या काढ्यात जस्ताचा क्षार घालायचा, खाली बसलेला गाळ वाळवून भाजायचा, आणि पांढरीशुभ्र भुकटी मिळायची. मोठ्या भट्टीत, महागड्या रसायनांनी जे केलं होतं, ते तरोट्याने जवळपास फुकटात करून दिलं. एक दिवस शेजारच्या वनस्पतिशास्त्र विभागातले सर वासावर आत आले. पातेल्यात डोकावून म्हणाले, "मॅडम, भाजी झाली असन तं भाकर घेऊन येऊ का?" मी त्यांना भुकटी दाखवली. त्यांनी ती बोटांत चोळली आणि विचारलं, "झाडाले पाजून पाह्यली का?"

तिथून माझं सगळं बिघडलं, असं रसायनवाले म्हणतात. मी झाडांच्या मागे लागले. मूग, तूर, सरकी, जे मिळेल त्याला मी ती भुकटी पाण्यात कालवून पाजली. माझ्या संशोधनाच्या यादीत निम्मे पेपर भुकट्यांचे झाले आणि निम्मे रोपांचे. एका समितीतले रसायनवाले सर मला म्हणाले होते, "तुम्ही आता शेतीच करून राह्यल्या म्हणता." दुसऱ्या समितीतल्या झाडवाल्या बाईंनी विचारलं होतं, "तुम्हाला पानाचं देठ तरी ओळखता येतं का?" दोन्ही वेळा मला एवढा राग आला होता की बसमध्ये अख्खा दिग्रसपर्यंतचा रस्ता मी मनात त्यांच्याशी भांडत आले. आणि तरी त्यांचं थोडं खरं होतं. भुकटी करताना माझं लक्ष कुंडीकडे असायचं आणि कुंडीपाशी उभी असले की भट्टी बंद केली का नाही, ही काळजी.

यादीत सगळ्यात वर मी नेहमी एकच पेपर टाकायची. तरोट्यापासून केलेली जस्ताची भुकटी पाण्यात कालवून त्यात सरकी, म्हणजे कपाशीचं बी, भिजवलं तर ते जास्त चांगलं उगवतं, असा तो पेपर. त्याच्यामुळे माझं नाव झालं. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी आपल्या लिखाणात त्याचा आधार घेतला, त्याच्यामुळे मला पीएच.डी.चे विद्यार्थी घेता आले. मायने त्याचं पहिलं पान फ्रेम करून पुढच्या खोलीत लावलं होतं. मायला वाचता येत नाही. पण कोणी आलं की ती त्या फ्रेमकडे बोट दाखवून सांगायची, "हे आमच्या गच्चीवरचं हाये. म्या पानी घातलतं."

घातलं होतं खरंच. त्या वर्षी कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडचं काम निघालं होतं, म्हणून मी प्रयोग घरी आणला. फळवाल्याकडून तीन क्रेट मागून आणले, आत पोतं अंथरलं, माती भरली. प्रत्येक क्रेटमध्ये निम्म्या रांगा औषधाच्या, म्हणजे भुकटीच्या पाण्यात भिजवलेल्या बियाण्याच्या आणि निम्म्या साध्या पाण्यात भिजवलेल्या बियाण्याच्या. औषधाच्या रांगांना काडी रोवून लाल दोरा बांधला. माय शेजारी उकिडवी बसून पाहत होती. तिचं सारं आयुष्य लोकांच्या वावरात सरकी टोबण्यात, म्हणजे भोक पाडून एकेक दाणा मातीत टाकण्यात, निंदण्यात, कापूस वेचण्यात गेलेलं.

"एका भोकात एकच दाना?" ती म्हणाली. "अन् नाई निंगाला तं?"

"नाई निंगाला तं नाई. तेच तं पाहाचं हाये."

"हे कोनतं शिक्षन वं माय," म्हणून तिने कपाळाला हात लावला.

दुसऱ्याच दिवशी मला विद्यापीठात पेपर तपासायला जावं लागलं. आठ दिवसांचं काम होतं. निघताना मी मायला दहा वेळा बजावलं. लाल दोऱ्याच्या रांगा औषधाच्या आहेत, त्या नीट सांभाळ. बाकीच्या साध्या आहेत, त्यांना पाणी सोडून काही करायचं नाही, हातसुद्धा लावायचा नाही. ती म्हणाली, "जा ना बाप्पा, मी काय लेकरू हाओ का?" परत आले तर लाल दोऱ्याची एकेक रांग अशी भरलेली, की बस. एक जागा रिकामी नाही. साध्या रांगांत मात्र जागोजागी माती उघडी. मी गच्चीवर नाचायचीच राहिले होते. फोटो काढले, मोजदाद केली, पेपर लिहिला. दुसऱ्या हंगामात पुन्हा करून पाहा, असं कोणी म्हटलं नाही आणि मीही केलं नाही. त्याच चुकीची फळं मी पुढे इतकी वर्षं गोड मानून खाल्ली.

आता एका मुलीबद्दल सांगते. ती माझ्याकडे पीएच.डी. करते. उमरखेडची आहे, आई अंगणवाडीत मदतनीस, शेतीशी घरात कोणाचा संबंध नाही. इथे दिग्रसला ती दुसऱ्या एका मुलीबरोबर खोली घेऊन राहते. तिचं काम माझ्याच पेपरच्या पुढचं होतं. भुकटीने सरकी जास्त उगवते हे मी सांगितलं होतं, ती का उगवते हे तिने शोधायचं. पण 'का' शोधायचं तर आधी ती जास्त उगवलेली दिसायला हवी ना? तिने एकदा केलं, दोनदा केलं. दोन्ही रांगा सारख्याच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तर साध्या रांगेत एक रोप जास्तच. विद्यापीठात तिच्या कामाचा आढावा पंधरा दिवसांवर आला होता. काही दाखवलं नाही तर तिची फेलोशिप थांबणार होती, आणि फेलोशिप थांबली की ती उमरखेडला परत जाणार, आणि मग कोणी तिला परत येऊ देणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

चौथ्या वेळचे आकडे तिने आणले त्या दिवशी मी आधीच त्या फॉर्मवरून वैतागलेली होते. प्रयोगशाळेत बी.एस्सी.ची मुलं होती, आमचे प्रयोगशाळा सहायक होते. मी वही टेबलावर आपटली आणि म्हणाले, "माझ्याकडे उगवतं, तुझ्याकडे का उगवत नाही? तुझा हातच चांगला नाही." तिने वही उचलली आणि बेसिनपाशी जाऊन बीकर धुवायला लागली. ते बीकर आधीच धुतलेले होते. मला ते दिसत होतं, तरी मी तिला थांबवलं नाही.

त्यानंतर ती जे काही करायला लागली ते पाहून माझंच डोकं फिरायचं. प्रत्येक वेळी मातीला हात लावण्याआधी हात साबणाने दोनदा धुवायची. दाणे उचलायला वेगळा चिमटा आणला. नखं इतकी खोल कापली की कडेला कातडी लाल झाली. मी तिला म्हणायला हवं होतं, की अगं, मी रागात बोलले. नाही म्हटलं. मी स्वतःला सांगत होते, शिस्त लागतेय, बरं आहे.

मग एक दिवस ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या त्या वेळच्या क्रेटचे फोटो असतील तर बघू का? माती किती खोल होती, रांगा किती अंतरावर, सगळं तसंच करते." शंका नव्हती हो तिच्या बोलण्यात. पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्येच होता. विभागाच्या कॉम्प्युटरवर तिने फोटो उघडले. पहिला फोटो सरकी टोबली त्या दिवशीचा, दुसरा मी परत आले त्या दिवशीचा. ती फोटो मोठा करून एकेक रांग पाहत होती. मी मागे उभी राहून खिडकीबाहेर पाहत होते.

"मॅडम, मागे कठड्यावर दुधाच्या पिशव्या ठेवल्यात. माती भरलेल्या. तो पण प्रयोगाचा भाग होता का?"

मी वाकून पाहिलं. पहिल्या फोटोत कठड्यावर दुधाच्या पिशव्या, गळ्यापर्यंत माती भरून, ओळीने उभ्या. दुसऱ्या फोटोत त्याच पिशव्या चपट्या पडलेल्या, आणि प्रत्येक पिशवी एका बाजूने वरपासून खालपर्यंत फाडलेली. वावरात वाढलेल्या कोणालाही विचारा, पिशवी अशी उभी कशासाठी फाडतात. आतलं रोप मातीच्या गोळ्यासकट, मुळाला धक्का न लावता काढायचं असलं की अशी फाडतात. पेरलेल्या ओळीत जिथे दाणा उगवत नाही ती रिकामी जागा म्हणजे नांगा. आमच्याकडे सरकी टोबली की त्याच दिवशी थोडे दाणे पिशव्यांत लावून ठेवतात. मग ओळीत नांगे दिसले की पिशवीतली रोपं नेऊन ते भरतात. कपाशीचे नांगे भरणं हे जेवल्यावर ताट उचलण्याइतकं साधं काम आहे.

त्या मुलीला हे माहीत नव्हतं. ती माझ्याकडे पाहत थांबली होती.

"कचरा असेल," मी म्हणाले.

तिने बरं म्हटलं आणि पुढचा फोटो उघडला. मला डोकेदुखीचं निमित्त करून निघावं लागलं. स्कूटी तिथेच सोडली आणि चालत निघाले. जिनिंगच्या कारखान्याच्या रस्त्याने कापसाच्या गाड्या लागलेल्या, हवेत सगळीकडे रुई उडत होती, डोळ्यांत जात होती. मी भराभर चालत होते. घराच्या गल्लीपाशी आले आणि वळले नाही, सरळ पुढे गेले, बाजार समितीपर्यंत जाऊन परत आले. एक मन म्हणत होतं, कोणाला कळणार आहे? पिशव्या आहेत, कचराच आहे. दुसरं मन काही म्हणतच नव्हतं, नुसतं ती खोल कापलेली नखं दाखवत होतं. लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा जास्त राग येत होता, मायचा, स्वतःचा, त्या मुलीने पिशव्या पाहिल्या म्हणून तिचासुद्धा.

माय दारातच बसली होती. मी चप्पल न काढता विचारलं, "माय, त्या वर्षी मी पेपर तपासाले गेलती ना, तवा गच्चीवरच्या क्रेटात तू काही लावलं होतं?"

"लावलं नाई. नांगे भरले," ती म्हणाली. कसलाही संकोच नाही, उलट जरा ताठ होऊन. "तू भिजवलेलं उरलंसुरलं बेनं टाकून दिलतं. मले जिवावर आलं. पिशव्याइत लावून ठेवलं."

"कोनत्या रांगांत भरले?"

"लाल दोऱ्याच्या. दुसऱ्याले हात लावू नोको म्हनली होतीस ना तू? साध्या हायेत, तशाच राहू दे म्हनली. म्या नाई लावला बाप्पा हात."

"अन् त्याच्याआधी? दोन्हीकडे सारखेच नांगे होते?"

"सारखेच. लय वंगाळ निंगालतं तुहं बेनं."

मी ओरडले. गल्लीतल्या बायका बाहेर आल्या एवढ्या जोराने ओरडले. "कायले केलं वं माय तू असं? कोणी सांगतलं होतं तुले? माह्या साऱ्या कामाची माती केली!" ती घाबरली. एवढ्या वर्षांत मी तिच्यावर अशी ओरडले नव्हते. मग हळूच बोलायला लागली.

"तुले मालूम नाई. आमी टोबून गेलो का आठ दिवसानं मालक वावरात ये. ओळीनं चाले. जिथं नांगा दिसला तिथं उभा राहे. म्हने, 'कोनाची ओळ हे?' साऱ्या बाया माह्याकडे पाहत. मंग म्हने, 'हिचा हात चांगला नाई.' आता दाना किडका असन, जमीन कोरडी असन, पाखरानं नेला असन. पन बोलनं मले. चारचौघांत. म्या घरून दाने नेऊन पिशव्याइत लावू, अन् त्याच्या येण्याआधी नांगे भरून टाकू. मंग कोनी काही म्हने नाई." तिने पदराने तोंड पुसलं. "तुह्या औषधाच्या रांगांत नांगे पाह्यले अन् माह्या जिवात जीव नाई राह्यला. मले वाटलं, आता माह्या पोरीले बी कोनी उभं करन अन् इचारन, कोनाची ओळ हे."

मी तिथेच पायरीवर बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला उठून कुठे जावंसं वाटलं नाही. हात चांगला नाही. हेच शब्द मी त्या मुलीला बोलले होते, याच शब्दांत. बी.एस्सी.ची मुलं होती समोर.

मायला काहीतरी कळलं. "काहून? काय झालं?" तिने विचारलं. मी सांगितलं. माझ्याकडे एक पोरगी काम करते, माझ्यासारखंच करते, पण तिच्याकडे दोन्हीकडे नांगेच राहतात, चारदा राहिले.

"मंग तिचेच खरे होते ना?"

"हो."

"अन् तू तिले बोलली?"

मी मान खाली घातली.

"साऱ्याइसमोर?"

"हो माय."

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत उठली आणि आत जाऊन चांगलं लुगडं नेसून बाहेर आली. "चाल," म्हणाली. "त्या पोरीच्या खोलीवर जाऊ."

मुलीने दार उघडलं आणि आम्हा दोघींना पाहून तिचा चेहराच उतरला. काय चुकलं आता, असा. खोलीत एक कॉट, एक कूलर, खिडकीत चार कप मातीचे. तिथेही ती सरकीच लावून पाहत होती. मी काही बोलायच्या आत मायने तिचे दोन्ही हात धरले, उलटे केले, सुलटे केले, नखं पाहिली. मग तिच्या बोटांच्या लाल झालेल्या कडांवरून अंगठा फिरवत म्हणाली, "चांगला हाये हात. काही नाई झालं याले."

ती मुलगी रडायला लागली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पिशव्यांचं, नांग्यांचं, लाल दोऱ्याचं. तुझे चारही प्रयोग बरोबर आहेत, चूक माझ्या पेपरात आहे, असं सांगितलं. तुला बोलले ते चुकलं, असंही सांगितलं. ती ऐकत होती. डोळे पुसले आणि मग विचारलं, "मॅडम, फोटोत पिशव्या पाहिल्या तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"मग कचरा का म्हणालात?"

तिने ते पुन्हा विचारलं नाही, पण पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तो तिचा हक्कच होता.

दुसऱ्या दिवशी मी वनस्पतिशास्त्रातल्या सरांना सांगितलं, की तो पेपर मागे घेते आहे. ते आधी हसले, मग गंभीर झाले. "मॅडम, एवढं कायले करून राह्यल्या? कोन पाह्यते आता? बढती डोक्यावर आहे. थोडं थांबा, मग घ्या मागे." ते वाईट मनाने बोलत नव्हते. मीही दोन दिवस तोच विचार केला, खोटं कशाला सांगू. पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा लिहायची आणि पुसायची. शेवटी एका दुपारी तास संपवून आले आणि न बसता, उभ्यानेच, ते पत्र पाठवून दिलं. त्यात मायचं नाव घातलं नाही. प्रयोग माझा, तो सोडून गेले मी, मोजलं मी. पत्र पाठवल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. नुसती भूक लागली होती.

फॉर्म मी भरला. यादीतून तो पेपर काढला, आणि त्याच्या आधारावर लिहिलेले आणखी दोन काढले. उरलेली यादी बढतीला पुरली नाही. विषयाच्या रकान्यात शेवटी 'रसायनशास्त्र' लिहिलं आणि त्या पुढे, जागा नव्हती तरी, बारीक अक्षरांत 'आणि रोपे' लिहिलं. त्यावर कोणाचंच काही म्हणणं आलं नाही. वाचलंच नसेल. घरी आले तर पुढच्या खोलीतली फ्रेमही भिंतीवर नव्हती. मायने ती काढून पलंगाखाली ठेवली होती, का ते मी विचारलं नाही.

विद्यापीठातल्या आढाव्याला मी त्या मुलीबरोबर गेले. तिने चारही प्रयोग मांडले, चारही वेळा फरक दिसला नाही हे मांडलं. समितीतले एक सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "म्हणजे आता उरलं काय?" मी उठायला लागले तर तिनेच उत्तर दिलं, "सर, फरक नाही, हे उरलं." समितीने आपसांत बरंच कुजबुजून तिला आणखी एक हंगाम दिला. एकच. त्यात सगळं पहिल्यापासून करून दाखवायचं, भुकटी उगवणीला नाही तर निदान मुळांना तरी काही करते का ते पाहायचं. कदाचित तिथेही काही नसेल. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून झोपली आणि मी सारा रस्ता बोटं मोडत बसले.

गेल्या जूनमध्ये ते क्रेट पुन्हा आमच्या गच्चीवर आले. कॉलेजची शेड मोकळी होती, तरी मुलीला ते इथेच लावायचे होते. "जिथे चुकलं तिथेच करू," ती म्हणाली. कोणत्या रांगा औषधाच्या ते तिने या वेळी कोणालाच सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. सगळ्याच रांगांना लाल दोरा बांधला आणि खरं काय ते एका पाकिटात बंद करून वनस्पतिशास्त्रातल्या सरांकडे ठेवलं. एका भोकात एक दाणा. मायने उरलेलं बियाणं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

माझी त्या आठवड्यात फार वाईट अवस्था होती. मी दर तासाला जिना चढायची, वर जाऊन पाहायची, खाली यायची. दुसऱ्या दिवशी मुलीने मला गच्चीवर यायची बंदीच केली. मायला मात्र बसू दिलं. माय सकाळी चहा पिऊन वर जायची आणि पोत्यावर बसायची, पाखरं हाकलायला. दोन्ही हात पदरात गुंडाळून घ्यायची.

आठव्या दिवशी मुलगी सकाळीच मोजायला आली. मी जिन्यातच थांबले होते, वर गेले नाही. मायचा आवाज ऐकू येत होता. तिला अंक लिहिता येत नाहीत, पण मोजता येतात. "पयल्या रांगेतलं तिसरं नाई आलं. दुसरीतलं पाचवं नाई. अन् शेवटच्या रांगेत पाय, दोन नांगे लागोलाग." मग थोडं थांबून, "म्या हात नाई लावला पोरी. लय मनात आलतं, पन नाई लावला."

"मला माहीत आहे, आजी."

"सारे नांगे लिव. एकबी सोडू नोको," माय म्हणाली. "अन् कोनी इचारलं, कोनाची ओळ हे, तं माह्यं नाव सांगजो."